सीडी प्लेयरचा आयसी बदलला, तंबोरा सुटला

घरात जुना जपानी सीडी प्लेयर पडून होता, आवाज यायचा पण गोधडीआडून आल्यासारखा. उघडला तर आउटपुटला ४५५८, आठ पायांचा ड्युअल ऑप-अँप, म्हणजे एकाच आयसीत आवाजाचा सिग्नल हाताळणारे दोन छोटे अँप्लिफायर. सांगलीत गणपती पेठेतून सॉकेट आणलं, त्याच्या जागी बसवायचा नवा ऑप-अँप ओपीए२१३४ मात्र ऑनलाइन मागवला, पिना सेम टू सेम त्यामुळे सर्किटला हात लावायचा नाही. जुना आयसी उपटायचा नाही हां, बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक निघतो, मी सरळ पाय कटरने कापले, एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढला, भोकं सकरने (वितळलेलं सोल्डर ओढणाऱ्या पंपाने) साफ केली, मग सॉकेट, आणि खाच बघून आयसी बसवला. चौथ्या आणि आठव्या पिनेपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर एकेक, अगदी पायालगत, कारण नाहीतर असा फास्ट आयसी उगाच ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करत बसतो. चालू केल्यावर बोट लावून बघा, चटका बसला तर लगेच बंद. अँपला जोडायच्या आधी आउटपुटला डीसी पण मोजा.

आता खरं सांगू का, ४५५८ चा स्पीड, म्हणजे आउटपुट किती झटकन बदलतं ते, १ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आणि ओपीए२१३४ चा २०, पण सीडीच्या २ व्होल्ट आउटपुटला अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदसुद्धा लागत नाही, त्यामुळे सगळं क्रेडिट आयसीला द्यायला मी तयार नाही. त्याच बैठकीत आउटपुटचे वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पण बदलले होते, माझ्या मते निम्मं काम त्यांचंच. टेस्टला ख्यालाची सीडी लावली, शेजारीच तंबोरे बनवणारं मिरज, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी झंकार, कशी वाजते हे आमच्याकडे पोरांनाही माहितीय, ती आता गायकाच्या मागे वेगळी ऐकू येते.