जुनं एक्स-१० सिरियल पोर्टवरून चालवताना

एक्स-१० म्हणजे घरातल्या वीजतारांवरूनच सिग्नल पाठवून दिवे चालवायची जुनी पद्धत, आणि सीएम११ए हे ती कॉम्प्युटरला जोडणारं युनिट. ते हाती आलं की प्लग लावायच्या आधी त्यामागचं लेबल वाचा. अमेरिकन युनिट १२० व्होल्टचं असतं, मुंबईच्या २३० व्होल्टवर ते जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरायचा तर दिव्यांची मॉड्यूलंही त्याच्याच आउटपुटवर हवीत, कारण १२० किलोहर्ट्झचा सिग्नल ट्रान्सफॉर्मर ओलांडून नीट जात नाही. त्यापेक्षा २३० व्होल्टचं युरोपियन युनिट शोधलेलं बरं.

लॅमिंग्टन रोडवर यूएसबी-सिरियल केबल घेताना ‘नऊ पिनांची, आरएस-२३२’ असं ठासून सांगा. स्वस्तातली उघडी सीएच३४० बोर्डं (यूएसबी-सिरियल चिपची) आरएस-२३२ ऐवजी कमी व्होल्टची टीटीएल पातळी देतात. मधे मॅक्स२३२ (पातळी बदलणारी चिप) नसेल तर युनिट ढिम्म. केबलची २ आणि ३ नंबरची पिन तारेच्या तुकड्याने जोडा. टाइप केलेलं परत दिसलं की केबल ठीक. सेटिंग: ४८०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

ए१ पत्त्याचा दिवा लावायला आधी पत्ता, हेक्समध्ये ०४, ६६ पाठवा. युनिट बेरीज परत देतं: ६ए. जुळली तर ०० पाठवा आणि ५५ येईपर्यंत थांबा. मग ‘लाव’ ही आज्ञा: ०६, ६२, बेरीज ६८, पुन्हा ०० आणि ५५. पत्ता आणि आज्ञा मिळून तारेवर जवळपास एक सेकंद जातो, त्यामुळे प्रोग्रामचा टाइमआउट सढळ ठेवा.

नवखे हमखास अडकतात ते ए५ या हेक्स बाइटपाशी (हा दिव्याचा पत्ता नव्हे). वीज जाऊन आली की युनिट दर सेकंदाला ए५ पाठवत राहतं आणि घड्याळ मिळेपर्यंत बाकी काही ऐकत नाही. म्हणून प्रोग्रामने आधी पोर्ट वाचावा. ए५ दिसला तर ९बी ने सुरू होणारे वेळेचे सात बाइट द्यावेत.

आणि ५५ आला म्हणजे दिवा लागला असं नव्हे, सिग्नल तारेवर गेला एवढंच. साधी मॉड्यूलं पोच देत नाहीत. बेडरूममध्ये चालतं, हॉलमध्ये नाही? टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर एकेक करून प्लगमधून काढून बघा. त्यांच्या फिल्टरमधले कपॅसिटर सिग्नल गिळतात. फ्लॅटला थ्री-फेज असेल तर दोन खोल्या वेगळ्या फेजवर असू शकतात. फेज कपलर (एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर नेणारं उपकरण) बसवणं हे इलेक्ट्रिशियनचं काम, आपण हात घालू नये.

शेजारीही एक्स-१० असेल तर हाउस कोड (पत्त्यातलं अक्षर, ए१ मधला ए) बदला. कोड मात्र क्रमाने नाहीत: ए म्हणजे ६, बी म्हणजे ई, सी म्हणजे २. म्हणून बी१ चा बाइट ७६ नाही, ई६.