जुन्या लोडरचा तुटलेला एक्सल दुरुस्त करावा की नाही, हे कसे ठरवावे

लोडरचा एक्सल तुटला की मालकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे नवा शाफ्ट (एक्सलच्या आत चाक फिरवणारा दांडा) केवढ्याला मिळेल. हा प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. शाफ्ट हा सहसा दोषाचा शेवटचा परिणाम असतो; मूळ कारण बेअरिंगमध्ये, तेलात, टायरमध्ये किंवा मशीन चालवण्याच्या पद्धतीत असते आणि ते तसेच राहिले तर नवा शाफ्टही त्याच ठिकाणी तुटतो. म्हणून आधी एक्सल उघडावा, तो का तुटला हे समजून घ्यावे आणि मगच भावाची चौकशी करावी.

आधी मशीन जागेवर पक्के करा

बकेट जमिनीवर पूर्ण टेकवावी, इंजिन बंद करावे, मधोमध वळणारा लोडर असेल तर मधल्या सांध्याचे लॉक लावावे आणि चाकांना दोन्ही बाजूंनी जाड लाकडी ठोकळे लावावेत. ठोकळ्यांचा आग्रह धरण्याला कारण आहे. अनेक लोडरांमध्ये हँडब्रेक चाकावर नसून गिअरबॉक्सच्या बाजूला, प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सची ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्यावर) काम करतो; त्या शाफ्टपासून चाकापर्यंतची जोडणी एक्सलमध्ये तुटली की हँडब्रेक ओढलेला असूनही मशीन उतारावर सुटू शकते. ‘दुसऱ्या एक्सलवर चालतोय तर हातातले काम उरकून घेऊ’ हा मोहही टाळावा, कारण तुटलेला तुकडा गिअरच्या दातांमध्ये सापडला तर एका शाफ्टचे नुकसान संपूर्ण डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचावर) जाते. मशीन उचलताना केवळ जॅकवर विसंबू नये. चेसिसखाली (मशीनच्या मुख्य सांगाड्याखाली) भक्कम आधार द्यावा आणि उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये.

नेमके काय तुटले आहे ते ओळखा

‘एक्सल तुटला’ या दोन शब्दांत फार वेगवेगळे बिघाड मोडतात. मशीन गिअरमध्ये घातल्यावर प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, पण चाक फिरत नाही आणि चाक मात्र सरळ उभे आहे, असे असेल तर दोष बहुधा आतल्या शाफ्टमध्ये किंवा डिफरन्शियलमध्ये असतो. हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असलेल्या एक्सलमध्ये मशीनचे वजन हबच्या बेअरिंगवर आणि हाऊसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या कवचावर) असते, शाफ्ट फक्त चाक फिरवण्याचे काम करतो. त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. याउलट चाक तिरपे झाले असेल, हलवल्यावर डुगडुगत असेल किंवा हाऊसिंगच्या बाजूने तेल ओघळत असेल, तर दुखणे शाफ्टपुरते उरलेले नाही असे समजावे.

तेल आणि तुटलेला भाग वाचा

माझ्या मते सगळा निर्णय या पायरीवर ठरतो, आणि घाईमुळे हीच पायरी गाळली जाते. एक्सलचे तेल स्वच्छ, पसरट भांड्यात काढावे. तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरलेले आहे आणि बेअरिंगवर गंजाचे खड्डे असण्याची शक्यता मोठी आहे. चुंबकाच्या ड्रेन प्लगवर (तेल काढण्याच्या बुचावर) बारीक राखाडी लेप असणे हे नेहमीच्या झिजेचे लक्षण आहे. पण बोटांना टोचतील असे कण, पापुद्रे किंवा दातांचे तुकडे सापडले तर क्राऊन-पिनियन (डिफरन्शियल फिरवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) आणि प्लॅनेटरी गिअर उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. तेल भांड्यात ठरलेल्या मापाच्या निम्म्याहून कमीच पडले, तर गळका ऑइल सील (तेल आत अडवणारी कडी) बहुधा कित्येक दिवस दुर्लक्षित राहिला होता असे समजावे.

त्यानंतर शाफ्टचे दोन्ही तुकडे डिझेलने धुऊन उजेडात धरावेत. तुटलेल्या तोंडाचा काही भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा दिसत असतील आणि उरलेला भाग खरखरीत, दाणेदार असेल, तर ही तड जुनी आहे. ती रोजच्या कामात थोडी थोडी वाढत गेली आणि अखेरीस उरलेला धातू एका झटक्यात तुटला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर शाफ्टने त्या अवस्थेतही बरेच दिवस काढले आहेत, आणि खरखरीत भाग मोठा असेल तर त्यावर येणारा ताणच जास्त होता. रेषा अजिबात नसतील आणि शाफ्टच्या टोकाच्या खाचा पिळवटलेल्या दिसत असतील, तर एकाच मोठ्या झटक्याने काम केलेले आहे. चिखलात गरगर फिरणारे चाक अचानक टणक जमिनीवर पकड घेते तेव्हा असा झटका बसतो. जुन्या तडीच्या बाबतीत दुसऱ्या बाजूच्या शाफ्टचीही तपासणी करावी, कारण त्यानेही तेवढेच तास आणि तेवढाच भार सोसलेला असतो. उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तडी डाय पेनिट्रंटच्या (तडीत शिरणाऱ्या रंगीत द्रवाच्या) तपासणीत दिसतात.

याच वेळी टायर मोजावेत. चारही चाके एकत्र ओढणाऱ्या लोडरमध्ये पुढचे आणि मागचे टायर झिजेने किंवा मापाने वेगळे असतील, तर टणक जमिनीवर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ताणले जातात. नवा शाफ्ट बसवून जुने, विषम टायर तसेच ठेवणे म्हणजे बिघाड पुन्हा बोलावणे होय.

दुरुस्तीचे पर्याय तपासा

फक्त शाफ्ट तुटला असेल आणि तेल, बेअरिंग व गिअर ठीक असतील, तर दुरुस्ती करावी. जुन्या मशीनलाही हा खर्च परवडतो. शाफ्टला वेल्डिंग मात्र करू नये. तो उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया बिघडते आणि सांध्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होऊन थोड्याच दिवसांत तेथे नवी तड जाते. हाऊसिंगला तड गेली असेल तर ओतीव धातूचे योग्य वेल्डिंग शक्य असते, पण त्यासाठी तो भाग आधी तापवावा लागतो, सावकाश थंड करावा लागतो आणि नंतर बेअरिंगच्या जागा एका रेषेत आहेत की नाहीत हे मोजावे लागते. ही सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

क्राऊन-पिनियन खराब असेल तर दोन्ही जोडीनेच बदलावे लागतात, आणि दातांमधली ढिलाई डायल गेजने (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या काट्याच्या साधनाने) मोजून बसवणारा फिटर लागतो. अशा वेळी मोडीत निघालेल्या मशीनचा संपूर्ण एक्सल अनेकदा स्वस्त पडतो. तो घेण्यापूर्वी एक्सलवरची पाटी वाचावी, कारण एकाच मॉडेलच्या मशीनवरही वेगवेगळे एक्सल असू शकतात. शिवाय दोन्ही बाजूंची चाके सारखी फिरवून, चाकाच्या एका फेऱ्यात प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजावेत. हे प्रमाण आपल्या मशीनवरच्या दुसऱ्या एक्सलशी जुळत नसेल तर तो एक्सल फुकट मिळाला तरी घेऊ नये.

उरलेले मशीन आणि हिशेब

एक्सल उघडा असतानाच इंजिनचा ऑइल प्रेशर, गिअरबॉक्सची पकड, मधल्या सांध्याच्या पिनांची ढिलाई आणि चेसिसवरच्या तडी पाहून घ्याव्यात. यांपैकी दोन मोठी कामे लवकरच निघणार असतील, तर ती आजच्याच खर्चात धरावीत.

मशीनची चालू अवस्थेतील किंमत १०० मानली आणि आहे त्या मोडक्या अवस्थेत त्याचे ३० येत असतील, तर दुरुस्तीने वाढणारी किंमत ७० आहे. सुटे भाग, मजुरी, वाहतूक आणि काम बंद राहिल्याचे नुकसान मिळून खर्च ४० असेल तर दुरुस्ती करावी. तो ६५ वर जात असेल तर थांबावे, कारण एक्सल पूर्ण उघडल्यावर अंदाज बहुधा वाढतो, क्वचितच घटतो. मशीन वर्षातून मोजकेच दिवस चालत असेल, तर तेवढ्या दिवसांचे भाडे किती होते हेही शेजारी मांडून पाहावे.

दुरुस्ती केलीच, तर नव्या तेलावर मशीन सुरुवातीला हलक्या भाराने चालवावे आणि काही दिवसांनी ड्रेन प्लग पुन्हा काढून चुंबक पाहावे. लेप बारीक असेल तर भार वाढवण्यास हरकत नाही. कण टोचू लागले असतील तर झाकण लगेच पुन्हा उघडावे.