नकारात्मक हक्क, सकारात्मक हक्क: वाद घालताना या चुका टाळा

वक्तृत्व स्पर्धा असो की ग्रामसभा, हक्कांवर बोलताना तेच गोंधळ पुन्हा पुन्हा होतात. नकारात्मक हक्क म्हणजे इतरांनी आड न येण्याचा, सकारात्मक म्हणजे इतरांनी काही करून किंवा देऊन भागवायचा. व्यक्तीच्या स्वातंत्र्यात आणि मालमत्तेत सरकारने कमीत कमी हात घालावा, हा लिबर्टेरियन विचार पटो न पटो, तो आधी नीट मांडता यायला हवा.

वाक्यावरून हक्क ओळखणं. "मला वाट हवी" हे ऐकून लगेच सकारात्मक हक्काचा शिक्का मारू नका. कलमांच्या बागेतून जुनी वहिवाट आहे आणि मालकाने तिथे गडगा घातला, तर वाटसरूचं म्हणणं एवढंच असतं की अडवू नका. हा नकारात्मक हक्क. तीच पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, पावसात खचली आणि ग्रामपंचायतीने बांधून द्यावी अशी मागणी झाली, की मामला सकारात्मक हक्काचा. कसोटी सोपी आहे: बाकी सगळे घरी स्वस्थ बसून राहिले तरी हक्क पाळला जातो का? जात असेल तर तो नकारात्मक.

"लिबर्टेरियनांना सकारात्मक हक्क मान्यच नाहीत." असं नाही. बागायतदाराने आगाऊ पैसे घेऊन मोसमाचा आंबा विकला, तर तो आंबा मिळण्याचा व्यापाऱ्याचा हक्क सकारात्मकच आहे आणि कट्टर लिबर्टेरियनही तो मानतो. त्याचा आक्षेप आहे तो न स्वीकारलेल्या जबाबदारीला.

भाग तीन (मूलभूत हक्क) म्हणजे नकारात्मक हक्क, भाग चार (मार्गदर्शक तत्त्वं) म्हणजे सकारात्मक. संविधानाची अशी वाटणी परीक्षेच्या नोट्समध्ये सर्रास दिसते. पण २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम २१अ, म्हणजे ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षण, भाग तीनमध्येच आहे.

नकारात्मक हक्काला खर्च नसतो, असं धरून चालणं. ही चूक महागात पडते, आणि ती समजायला महाडइतकं चांगलं उदाहरण नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. मागणी काय होती? कुणी पाणी काढून द्यावं अशी नव्हे, फक्त अडवू नये. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि परिषदेला जमलेले लोक ते पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. न्यायालयातला निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. हक्क नकारात्मकच होता, पण संरक्षणाला पोलीस, न्यायालयं आणि पैसा लागतोच. यावर लिबर्टेरियन उत्तर देतो की हक्क आणि त्याचं संरक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर वजनदार आहे. मात्र ते दिल्यावर "शिक्षणाला खर्च येतो, म्हणून तो हक्क नाही" असं त्याला म्हणता येत नाही. त्याला दुसरं कारण द्यावं लागतं: तो खर्च कुणावर, कुणाच्या संमतीने?

आज ज्याच्या नावावर, त्याचाच हक्क, असं मानणं. सातबारा दाखवून रॉबर्ट नोझिक या लिबर्टेरियन तत्त्वज्ञाचं नाव घेणाऱ्यांनी १९७४ चं त्याचं पुस्तक पुरतं वाचावं. मालमत्ता न्याय्य ठरायला ती मुळात रास्तपणे मिळालेली हवी, हातोहात रास्तपणे गेलेली हवी, आणि वाटेत अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त व्हायला हवा. ही तिसरी अट लोक गाळतात. कोकणात तर ती गाळून चालतच नाही. इथे खोत सरकारसाठी सारा गोळा करायचे आणि कुळांकडून पिकाचा वाटाच नव्हे, वेठही घ्यायचे. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचं थांबवलं आणि तो संप वर्षानुवर्षं चालला. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये. त्याला कुणी सरसकट "मालमत्तेवरचा घाला" म्हणत असेल, तर खोताकडे ती जमीन आणि ती वेठ कुठल्या रास्त व्यवहाराने आली, हे आधी त्याने दाखवावं.