चोरपावलांच्या खेळाची काठिण्यपातळी कशी ठरवावी

स्टेल्थ, म्हणजे शत्रूच्या नजरेआड लपतछपत पुढे सरकायच्या प्रकारचा कोणताही व्हिडिओ गेम सुरू केला की पहिल्याच पडद्यावर सोपी, मध्यम की कठीण असा प्रश्न विचारला जातो, आणि बहुतेक नवे खेळाडू सावधगिरी म्हणून ‘सोपी’वर बोट ठेवून पुढे जातात. माझ्या मते या प्रकारच्या खेळात सर्वाधिक नुकसान याच निवडीने होते. गोळीबाराच्या खेळात कठीण पातळी म्हणजे शत्रूला मारायला जास्त गोळ्या लागणे आणि आपल्याला मारायला कमी पुरणे, एवढा साधा हिशेब असतो. लपण्याच्या खेळात मात्र जो पहारेकऱ्याच्या नजरेसच पडत नाही, त्याला पहारेकऱ्याच्या ताकदीशी काय देणेघेणे? तिथे अडचण ठरते ती दोन गोष्टींवर: खेळ आपल्याला किती माहिती देतो आणि दिसल्याची किंमत किती घेतो. सोप्या पातळीवर माहिती भरपूर मिळते हे खरे, पण किंमत इतकी घसरते की तलवार उपसून चारचौघांना आडवे करणे हे पडद्याआड पाच मिनिटे थांबण्यापेक्षा सोयीचे होऊन बसते. मग लपायचे कशाला, हा प्रश्न खेळाडूच्या मनात येतो आणि तो रास्तच असतो. म्हणून या लेखातला मुख्य सल्ला असा की माहिती जास्त ठेवावी आणि दिसल्यावर आपल्याला बसणारा मारही जास्त ठेवावा. तो अमलात कसा आणायचा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी खोली, मग सेटिंग्ज

खानदेशात हे खेळ बहुधा सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत खेळले जातात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दारे-खिडक्या लोटलेल्या असतात, तरीही दुपारचा उजेड फटीफटीतून आत येतो आणि कूलर पूर्ण वेगावर घरघरत असतो. या दोन्ही गोष्टी खेळाची पातळी परस्पर बदलतात, आणि त्याची नोंद कोणत्याही मेनूत सापडत नाही.

उजेडाचे असे होते, की दुपारी काळा पडदा दिसेना म्हणून खेळाडू ब्राइटनेस वाढवतो आणि रात्रीही तोच ठेवतो, त्यामुळे सावल्या काळ्या न राहता राखाडी होतात. पहारेकऱ्याला आपण दिसतो की नाही, याचे गणित खेळ आपल्या पडद्याच्या ब्राइटनेसवरून करीत नाही, तो खेळातल्या दिव्यांवरून करतो. म्हणजे आपल्याला उजळ दिसणारा कोपरा पहारेकऱ्याच्या दृष्टीने गडद अंधारच असतो, आणि आपण तिथे पाऊल टाकायला विनाकारण कचरतो. यावर उपाय असा, की ब्राइटनेस ठरवण्याचा पडदा संध्याकाळी उघडून, त्यावरचे चिन्ह जेमतेम दिसेल इतकाच उजेड ठेवावा आणि दुपारी खेळायचेच असेल तर जाड पडदा लावावा. ज्या खेळात उजेडाचे माप पडद्यावर दिले आहे, तिथे डोळ्यांपेक्षा मापावर विश्वास ठेवावा. लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या १९९८ सालच्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’मध्ये तळाशी एक रत्न असते. ते जितके काळे, तितके आपण सुरक्षित. ‘स्प्लिंटर सेल’ मालिकेतही उजेडाची अशीच पट्टी आहे.

आवाजाचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘थीफ’मध्ये फरशीवर आणि लोखंडी जाळीवर पाऊल वाजते, गालिच्यावर ते विरते. पहारेकरी गुणगुणतो, शंका आली की थबकून स्वतःशी पुटपुटतो, आणि त्याचे अंतर व दिशा कानानेच ओळखावी लागते. कूलरच्या घरघरीत ही सगळी माहिती बुडून जाते, म्हणजे मध्यम पातळी निवडूनही माणूस प्रत्यक्षात कठीण पातळीच खेळत असतो. (घरातल्या कूलरचा फायदा पहारेकऱ्यांनाच मिळतो, गोंगाटाचा फायदा आपल्याला मिळतो तो २००५ सालच्या ‘स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी’मध्ये, कारण तिथे खेळातल्या परिसराच्या आवाजाची खूण मापपट्टीवर असते आणि आपला आवाज तिच्या खाली राहिला तर तो कुणाला ऐकू जात नाही.) कान झाकणारा हेडफोन घ्यावा, तो नसेल तर सबटायटल्स सुरू ठेवावीत, आणि आवाजावर चालणारा खेळ शक्यतो कूलर बंद असलेल्या पहाटेसाठी राखून ठेवावा.

माहिती सुरुवातीला पूर्ण ठेवावी

पहिल्या फेरीत खेळाने देऊ केलेली एकही मदत बंद करू नये. क्ले एंटरटेनमेंटचा २०१२ सालचा ‘मार्क ऑफ द निन्जा’ या बाबतीत आदर्श मानावा लागतो. आपल्या धावण्याचा आवाज किती दूर जाईल ते तिथे वर्तुळाने दिसते, पहारेकऱ्याची नजर कुठवर पोचते तेही दिसते, आणि उजेडात उभे असताना आपली आकृती रंगीत तर अंधारात काळी होते. इतके सगळे उघड सांगूनही खेळ सोपा होत नाही, कारण अडचण माहिती मिळवण्यात नसून तिच्यावरून बेत आखण्यात आहे. तोच खेळ संपवून पुन्हा सुरू केला की आवाजाची वर्तुळे जातात आणि निन्जाला पाठीमागचे दिसेनासे होते. पहारेकरी तेच, इमारत तीच; फक्त माहिती काढून घेतली आणि पातळी चढली. आधी शिकवायचे आणि मग आधार काढायचा, हा क्रम खेळ रचणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवला आहे, आणि ज्या खेळात तो नाही तिथे आपण स्वतः पाळावा.

आधार काढताना क्रमही महत्त्वाचा असतो. सर्वांत आधी भिंतीपलीकडचे दाखवणारी नजर बंद करावी. ती सुरू असली की खेळाडू दारे, खिडक्या, जिने यांकडे पाहतच नाही. पिवळ्या-लाल आकृत्यांच्या मागे फिरत राहतो आणि इमारतीची रचना त्याच्या लक्षात कधीच येत नाही. त्यानंतर पुढे काय करायचे ते सांगणाऱ्या खुणा बंद कराव्यात. ‘हिटमॅन २’ (२०१८) मधला मुंबईचा नकाशा पहिल्यांदा खेळताना त्या असाव्यात, नाहीतर गर्दी आणि गल्ल्या यांतच माणूस हरवतो. दुसऱ्या फेरीला त्यांची गरज उरत नाही. ‘आपल्याला कुणीतरी पाहत आहे’ असे सांगणारी खूण मात्र सर्वांत शेवटी काढावी आणि शक्यतो काढूच नये. ती नसेल तर पकडले गेल्यावर कशामुळे पकडले गेलो हे कळत नाही, आणि जे कळत नाही ते सुधारताही येत नाही.

दिसल्याची किंमत

जळगाव, धुळे, भुसावळच्या ज्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळ शिकले, तिला या मुद्द्याची ओळख ‘प्रोजेक्ट आयजीआय’ने करून दिली. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने २००० साली काढलेल्या या खेळात मिशनच्या मध्ये सेव्ह करण्याची, म्हणजे खेळ आहे तिथे जपून ठेवण्याची, सोयच नव्हती. कॅमेऱ्याने टिपले, अलार्म वाजला, बराकीतून शिपाई बाहेर पडू लागले, आणि अर्ध्या तासाची मेहनत शेवटच्या दारापाशी मातीमोल झाली, की पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरुवात. त्यात कॅफेचा तास संपायचा किंवा लाइट जायची. बाकावर नंबर लावून बसलेली पोरे मागून ‘मांगे दख भो, मांगे!’ असे ओरडायची, आणि खेळाने न दिलेली माहिती अशा रीतीने अहिराणीतून मिळायची. आयजीआय त्या वयात थरारक वाटला तो या जबर किमतीमुळे. पण रचना म्हणून पाहिले तर तिथे किंमत झालेल्या चुकीला साजेशी नव्हती. मिशनच्या विसाव्या मिनिटाला झालेल्या चुकीसाठी आधीची एकोणीस मिनिटे दंड म्हणून घेतली जात. २००३ च्या दुसऱ्या भागात मर्यादित सेव्ह देण्यात आले, ते योग्यच झाले.

याच्या उलट टोकाला आहे क्विकसेव्हची सवय, म्हणजे एका कळीने सेव्ह करायचे आणि जरा बिनसले की ‘लोड’ करून तिथेच परतायचे, आणि आज घरोघरी तीच दिसते. पहारेकऱ्याने मान वळवली की लोड, शंका घेतली की लोड. अशाने खेळाचा निम्मा भाग कधी पाहायलाच मिळत नाही, कारण दिसल्यानंतरचा शोध, पळापळ, पुन्हा लपणे, पहारेकऱ्यांचे हळूहळू शांत होणे, हे सगळे रचणाऱ्यांनी तितक्याच कष्टाने घडवलेले असते. ‘स्प्लिंटर सेल’च्या २००२ सालच्या पहिल्या भागात ठरावीक अलार्म झाले की काही मिशन्स तिथेच संपत, ‘केऑस थिअरी’ने ती अट काढून टाकली आणि अलार्मगणिक पहारेकरी अधिक सज्ज होत जातील अशी योजना केली. चूक झाली तरी खेळ चालू राहतो, फक्त महाग होतो. मला हीच पद्धत सर्वांत न्याय्य वाटते. सेव्हसाठी नियम असा पाळावा: नव्या दालनात किंवा नव्या अंगणात शिरताना एकदाच सेव्ह करावे, आणि दिसल्यावर पुन्हा लपेपर्यंत किंवा मरेपर्यंत लोड करू नये.

या नियमाला अपवाद असलेले खेळही आहेत. मिमिमी गेम्सचा ‘शॅडो टॅक्टिक्स’ (२०१६) शेवटच्या सेव्हला किती वेळ झाला याचे घड्याळ पडद्यावर दाखवून सेव्ह करण्याची आठवण करून देतो. तिथे दर काही पावलांवर प्रयोग करणे, फसणे आणि परत येणे हाच खेळ आहे, तेव्हा सेव्हची लाज बाळगू नये. ‘इनव्हिजिबल इंक.’ (२०१५) मध्ये प्रत्येक खेळीगणिक धोक्याची पातळी चढत राहते, म्हणजे नुसते थांबून राहणेही फुकट नाही. तिथे खेळी मागे घेण्याची संधी मोजकीच मिळते आणि वरच्या पातळीवर ती आणखी कमी होते. खेळ स्वतः काय अपेक्षितो हे पहिल्या दोन मिशन्समध्ये ओळखावे आणि नियम त्याप्रमाणे बदलावा.

पट्ट्या वेगवेगळ्या फिरवता येत असतील तर

काही खेळांनी एकच पातळी लादण्याऐवजी तिचे भाग सुटे केले आहेत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) मध्ये खेळाडू, शत्रू, सोबती, लपणे आणि साधनसामग्री अशा पाच बाबींची पातळी स्वतंत्रपणे ठरवता येते. ‘डिसऑनर्ड २’लाही २०१७ मध्ये अशाच सुट्या पट्ट्या मिळाल्या. इथे सुरुवातीचा सल्ला शब्दशः लागू करावा: आपल्याला बसणारा मार वरच्या पातळीवर, पहारेकऱ्यांची नजर मध्यमवर, साधने कमी. नजर आणि मार दोन्ही एकदम वर नेले तर नवखा खेळाडू दहाव्या मिनिटाला खेळ बंद करतो. दोन्ही खाली आणले तर तो लपायचे सोडून देतो. मार कडक आणि नजर माफक असली की माणूस लढाईला भितो, पण अंधारावर भरवसा ठेवायला शिकतो.

‘डिसऑनर्ड’च्या २०१२ च्या पहिल्या भागाविषयी एक तक्रार इथेच नोंदवतो. माणसे मारली तर शहरात उंदीर आणि रोगी वाढतात, शेवटही काळवंडतो, आणि ही किंमत कल्पक आहे. पण खेळाडूच्या हाती दिलेली बहुतेक शस्त्रे व शक्ती मारण्याच्याच आहेत, त्यामुळे हात राखून खेळणाऱ्याला अर्धी पेटी कुलूपबंद ठेवावी लागते. हे काठिण्य नव्हे, रचनेतली विसंगती आहे. ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’ने (२०१५) याहून चतुर वाट काढली. डोक्यावर वारंवार नेम धरला तर शत्रू शिरस्त्राणे घालू लागतो, रात्रीचेच हल्ले केले तर रात्री पाहण्याचे चष्मे मागवतो. एकच युक्ती चालेनाशी झाली की तिथे पातळी कमी करू नये, युक्ती बदलावी.

दोष कुणाचा, हे कसे ओळखावे

पकडले गेल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: कुणी पाहिले, कशामुळे पाहिले, आणि पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल. तिन्हींची उत्तरे येत असतील तर पातळी योग्य आहे, कितीही वेळा हरलो तरी. ‘कुणी’ आणि ‘कशामुळे’ हे कळते पण ‘काय वेगळे’ सुचत नसेल, तर पातळी एक पायरी खाली आणावी. पहिल्या दोन प्रश्नांचीच उत्तरे मिळत नसतील, तर पातळीला हात लावू नये. माहितीच्या खुणा, उजेड आणि हेडफोन तपासावेत. ते सगळे ठीक असूनही उत्तर मिळत नसेल तर दोष रचनेचा समजावा आणि तो टप्पा कसाबसा उरकून पुढे जावे. एखाद्याचा पाठलाग करताना जरा अंतर वाढले किंवा कमी झाले की लगेच मिशन फसल्याचे जाहीर करणारे टप्पे याच जातीचे असतात, आणि त्यांवर संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही.

‘एलियन: आयसोलेशन’ (२०१४) सारख्या भयखेळाला मात्र ही कसोटी लावू नये. तिथला प्राणी ठरलेल्या वाटेने फिरत नाही. आपण साधारण कुठे आहोत याची कुणकुण त्याला पडद्यामागून दिली जाते आणि बाकीचे तो स्वतःच्या डोळ्या-कानांनी शोधतो. त्याची फेरी पाठ करता येऊ नये हाच हेतू असल्याने तिथे मध्यम पातळीवर खेळणे उत्तम.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘मार्क ऑफ द निन्जा’ घ्यावा, कारण तो साध्या लॅपटॉपवरही चालतो, त्यानंतर ‘शॅडो टॅक्टिक्स’ आणि मग ‘डिसऑनर्ड’ कठीण पातळीवर खेळावा. ‘थीफ’ शेवटी घ्यावा आणि तो थेट ‘एक्सपर्ट’वर सुरू करावा. तिथे पातळी चढते तेव्हा प्रामुख्याने उद्दिष्टांची यादी वाढते: जास्त ऐवज गोळा करायचा आणि माणूस एकही मारायचा नाही. खालच्या पातळीवर वाड्याच्या ज्या खोल्या पाहिल्यावाचून सुटतात, त्या या पातळीवर ऐवजासाठी पालथ्या घालाव्याच लागतात.