पाण्याच्या जनजागृतीआधीची तयारी

बॅनर सगळ्यांत शेवटी छापा, आधी पाणी तपासून घ्या. 22 मार्चला जागतिक जल दिन, म्हणून 20 तारखेला धावपळ सुरू होते आणि हातात घोषणांपलीकडे काही नसतं. जमलेल्यांना विचारायचं असतं एवढंच, की आमचं पाणी पिण्याजोगं आहे का? जिवाणूंच्या तपासणीलाच प्रयोगशाळेत एक-दोन दिवस जातात; तेव्हा दोन-तीन आठवडे हाताशी ठेवूनच तारीख ठरवा.

नमुने घेण्याचं काम एकाच माणसाकडे द्या, आणि तो उतावळा नसावा. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची. ती विसळायची नाही, कारण पाण्यातला क्लोरीन निकामी करणारं रसायन तिच्यात आधीच घातलेलं असतं. तोटीला बांधलेलं फडकं किंवा नळी काढायची, तोटी स्वच्छ पुसायची आणि दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं (ते बादलीत धरा, बचतीवर बोलायला निघालोय आपण). झाकणाला आतून बोट लागू न देता बाटली भरायची, वर थोडी जागा ठेवायची. मग बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत, फार तर 24 तासांत पोचती करायची. रासायनिक तपासणीची बाटली वेगळी मागून घ्या. विहीर-बोअरचं पाणी असेल तर नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक ही नावं अर्जावर स्वतः लिहा.

अहवाल आला की जाणकाराकडून समजून घ्या, मगच भाषण लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला नायट्रेट 50 आणि फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅम आहे. इथेच बहुतेक वक्ते घसरतात: ‘पाणी उकळून प्या’ म्हणून मोकळे होतात. खळखळून उकळी एक मिनिट राहिली तर जंतू मरतात, हे खरं. पण उकळल्यानं नायट्रेट-फ्लोराइड जात नाही. पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण उलट वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी असं पाणी घातक ठरू शकतं. दोष कोणता ते कळल्याशिवाय उपाय सांगू नका.

प्रात्यक्षिकाला क्लोरीन तपासायचा छोटा संच पुरतो. नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरातून पाणी आणा. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. साठवणुकीसाठी घट्ट झाकणाचं भांडं आणि लांब दांड्याचं ओगराळं समोर ठेवा, कारण नळाला चांगलं असलेलं पाणी घरात हात बुडवल्यानं बिघडतं.

टंचाईवरचं भाषण मात्र आवरतं घ्या. गळक्या तोटीखाली तासभर मापाचं भांडं ठेवा, भरलेल्या पाण्याला 24 नं गुणा आणि आकडा फळ्यावर लिहा.

निबंध स्पर्धा वगैरे वेळ उरला तर. त्याआधी पहिल्या पावसानंतरचा नमुना कोण घेणार, टाकी कधी धुणार आणि गळतीची तक्रार कोण देणार, हे नावानिशी त्याच फळ्यावर लिहून घ्या आणि मगच लोकांना सोडा.