अण्णांना कळतं सगळं: पक्षाघातानंतर बोलणं गेलेल्या माणसाशी वागताना या चुका टाळा

पक्षाघातानंतर पाचव्या दिवशी अण्णांनी चहाच्या कपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "छत्री." आम्ही हसलो. तेही हसले आणि लगेच रडायला लागले. अफेजिया, म्हणजे वाचाघात, हा शब्द तोवर घरात कुणी ऐकलाही नव्हता. त्यानंतर वर्षभर आम्ही एकेक चूक करत शिकलो.

सगळ्यात महाग पडली ती पहिलीच. त्या सकाळी अण्णा काहीबाही बोलायला लागले. आई म्हणाली, पित्त झालं असेल, जरा पडू दे. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळली होती. अचानक शब्द सापडेनासे झाले, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, यांतलं काहीही एक दिसलं तरी आधी घड्याळ बघा आणि गाडी काढा.

घरी आल्यावर आत्याने वेखंड उगाळलं. "जीभ जड झालीय, मधातून चाटवू." अण्णांची जीभ ठणठणीत होती. शब्द शोधायचं काम मेंदू करतो, आणि बहुतेकांमध्ये डाव्या बाजूचा. म्हणून तर वाचेबरोबर पुष्कळदा उजवा हात जातो. बोलणं मेंदूच्या एका ठरावीक भागावर अवलंबून असतं, हे १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांना एका रुग्णामुळे उमगलं. त्या माणसाला जवळजवळ 'तान' एवढंच म्हणता यायचं, समजत मात्र बरंच होतं. जीभ-ओठ खरंच जड होतात तो प्रकार वेगळा, डिसार्थ्रिया. त्यात शब्द बरोबर येतो, उच्चार बोबडा होतो. आणि चाटण देण्याआधी एक बघा: चहा पिताना ठसका लागतोय का? गिळणं बिघडलेलं असेल तर घोट श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नका.

मग आले गणपती. आरतीला अण्णांनी सूर लावला आणि पहिलं कडवं जवळजवळ न चुकता म्हटलं. काका म्हणाले, "बघा, बोलता येतंय की! पाणी मागायला तेवढं तोंड उघडत नाही. नाटकं आहेत." या एका वाक्याने अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. आरती, आकडे, वार, शिव्या ही आयुष्यभर घोटून पक्की झालेली बोली. ती आपोआप बाहेर पडते, पुष्कळदा शब्द हरवल्यानंतरही टिकते. हवा तो शब्द हवा तेव्हा काढणं हे निराळंच काम. नातवंडं किती, असं विचारलं की अण्णा "एक, दोन, तीन" म्हणून थांबतात आणि आपल्याकडे बघतात. नुसतं "तीन" येत नाही. उत्तर मात्र बरोबर असतं.

बोलता येत नाही तर लिहून दाखवा म्हणून मी पाटी आणली. तीही फसली, कारण वाचाघातात लिहिणंही बिघडतं. उपयोगी पडले मोबाइलमधले फोटो: औषधाची डबी, संडास, पंखा, घरचे चेहरे.

'हो'वरही विसंबू नका. अण्णा 'नाही'च्या जागी सर्रास 'हो' म्हणायचे आणि वाढलेला भात सरकवून द्यायचे. आम्हाला वाटायचं, हट्टीपणा. आता ताक आणि चहा दोन्ही समोर धरतो. एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद, आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. आईला हे गप्प बसणंच सगळ्यात जड गेलं. पुढचा शब्द ती पुरवायची आणि नेमका चुकीचा.

काहींचं उलट असतं. बोलणं घडाघडा, पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचं समजतही नाही. त्यांना वेड लागल्याचं समजून देवऋषाकडे नेऊ नका.

सहा महिने झाले, आता सुधारणा नाही, असं म्हणून स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्यासाठीचे उपचार, सोडू नका. सुरुवातीच्या महिन्यांत वेग जास्त असतो, पण नंतरही फरक पडतो. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, ते विचारा. मुंबईकरांना वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. आणि वाचाघात कायमचा राहिला, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो वाचा व भाषा दिव्यांगत्वात मोडतो. प्रमाणपत्राची चौकशी करा.

राहिली पाहुण्यांची चूक. येणारा प्रत्येक जण अण्णांची तोंडी परीक्षा घ्यायचा, तीही बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून. परवा मामा आले, तोंडाजवळ वाकले आणि म्हणाले, "अण्णा, मी कोण, सांगा बघू?" अण्णांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. उच्चार अगदी स्पष्ट.