पेशंट गेला उसाला: व्यवसायोपचारातल्या संशोधनासाठी निधी मागताना या चुका टाळा

माझा पहिला प्रस्ताव मंजूर झाला होता. बुडाला तो नंतर. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचाल बिघडलेली मुलं होती. जुलै-ऑगस्टमध्ये पहिली तपासणी, मग आईबापांना घरी काय करून घ्यायचं ते शिकवायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. कागदावर एकदम चोख. दसरा झाला, बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्या आणि कोयत्याबरोबर लेकरंही गेली. फोन लागला तेव्हा एक आई सांगलीकडच्या उसाच्या फडातून म्हणाली, "आता पाडव्यालाच येणं व्हईल, मॅडम." अहवालात मी लिहिलं, 'पाठपुराव्यातून गळाले'. गळाले कसले? दरवर्षीसारखे उसाला गेले होते. वेळापत्रक लिहिताना ते माझ्याच ध्यानात नव्हतं.

मराठवाड्यात काम करायचं तर आधी पेशंटचं वर्ष बघा, मग निधी देणाऱ्याचं. माणसं पाडव्याच्या सुमाराला परततात. तेव्हा नोंदणी सुरू करा आणि शेवटची तपासणी दसऱ्याच्या आत उरका. मधे मृगाच्या पेरणीत हजेरी पातळ होते, तेही धरून चाला. मंजुरी दिवाळीत आली तर घाई नको. ते महिने नैतिक समितीची कागदपत्रं, प्रश्नावलीचं मराठीकरण आणि सीटीआरआयच्या, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या नोंदणीत घालवा. ही नोंदणी मोफत असते, पण पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते. मागाहून चालत नाही.

'ओटी' म्हणजे काय, हे गृहीत धरू नका

कमला निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे आपल्या 'ओटी'चं शिक्षण सुरू केलं. तरी अजून प्रस्तावात 'ओटी' लिहिलं की समितीतल्या सर्जनला ऑपरेशन थिएटर दिसतं. गावात ओटी म्हटलं तर खणानारळाची. 'व्यवसायोपचार' म्हटलं की विचारतात, "नोकरी लावून देता का?" म्हणून पहिल्याच परिच्छेदात एक माणूस उभा करा. पक्षाघातानंतर बाईचा खांदा किती अंश वर जातो हा आपला प्रश्न नाही. तिला भाकरी थापता येते का, लुगडं नेसता येतं का, हा आपला प्रश्न आहे. एवढं वाचल्यावर "हे तर फिजिओथेरपीत येतं" हा शेरा बराच कमी होतो.

परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी उचलू नका

रोजची कामं पेशंटला स्वतः किती जमतात हे मोजायला बार्थेल इंडेक्स सगळेच वापरतात. दहा बाबी, शंभरपैकी गुण. त्यात जेवणाच्या बाबीला पावावर लोणी लावण्याचं उदाहरण आहे. आपल्याकडं लोणी कोण लावतं? एका आजींना मी विचारलं, "हातानं जेवता का?" त्या म्हणाल्या, "जेवते की." पूर्ण गुण दिले. पुढच्या खेपेला जेवणाच्या वेळी घरी गेले. सून ताटात भाकरी कुस्करून, वर कालवण ओतून देत होती आणि आजी डाव्या हातानं चमच्यानं खात होत्या, भिंतीकडं तोंड करून. उजवी बाजू गेल्यापासून त्या एकाही लग्नात पंगतीला बसल्या नव्हत्या. डाव्या हातानं चारचौघांत कसं जेवायचं?

मोजपट्टीला हे दिसत नाही. पेशंटनं स्वतःच्या अडचणी सांगायच्या आणि स्वतःच 1 ते 10 गुण द्यायचे, असं कोपम (सीओपीएम) नावाचं कॅनडातलं मापन आहे. आजींच्या बाबतीत ते जास्त कामाचं ठरलं असतं. फक्त ते विकत घ्यावं लागतं, म्हणून खर्चात धरा. कुठलंही मापन मराठीत आणताना त्या मापनाच्या मालकांची परवानगी, उलट अनुवाद (मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत) आणि गावातल्या चार माणसांवर चाचणी, हे तिन्ही करा. बंजारा तांड्यावर जाणार असाल तर संमतीपत्र त्यांच्या गोरमाटी बोलीत समजावणारं माणूस हवं. अंगठा घ्यायचा असेल तिथं निःपक्ष साक्षीदार पाहिजेच. आपला सहकारी तिथं चालत नाही.

सगळा पैसा मशिनीत घालू नका

अंदाजपत्रकात उपकरणं मोठी आणि माणसं शून्य, हा आपला जुना रोग. पेशंट तालुक्याहून येतो, सोबत एक माणूस येतो, त्याची मजुरी बुडते. दुसऱ्या खेपेला तो येत नाही आणि मग तीस पेशंटचे अठरा राहतात. (तीसच का, असं विचारलं तर "सगळे तीसच घेतात" हे उत्तर देऊ नका. प्रस्ताव लिहायच्या आधी संख्याशास्त्रज्ञाला गाठा.) एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, सहायकाचा पगार, अनुवाद हे सगळं लिहा.

चुकीच्या दारात उभे राहू नका

आयसीएमआरकडं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडं, आरोग्याचा प्रश्न घेऊन जा. केंद्राच्या विज्ञान विभागाची 'टाइड' योजना दिव्यांग आणि वृद्धांसाठीच्या तंत्रज्ञानाला आहे, तिथं समुपदेशनाचा अभ्यास पाठवून उपयोग नाही. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यातल्या कंपन्यांकडं सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी मागायचा तर 'संशोधन' शब्द पुढं करू नका. त्यांना किती जणांना लाभ झाला ते हवं असतं. सेवा मागा आणि मोजमाप तिच्यात बसवा. त्यासाठी संस्थेची कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-1 नोंदणी आधी झालेली हवी. परदेशी पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घ्यायचा नाही, कितीही ओळखीचा दाता असला तरी.

मंजूर निधीचा दुसरा हप्ता अडकला असेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पहिला पैसा ठरल्या कामालाच खर्चला याचा दाखला. सरकारी निधीसाठी त्याचा 12-अ नमुना मार्चच्या शेवटी आठवतो आणि सीए तेव्हा कुणालाच भेटत नाही. खर्चाचं हेड बदलायचं असेल तर आधी लेखी परवानगी काढा. खात्यात पडून राहिलेल्या रकमेचं व्याजही आपलं नसतं, तेही हिशेबात दाखवा.

नंतरच्या प्रस्तावात मी खर्चाची एक ओळ घातली: 'फडावर जाऊन तपासणी, दोन खेपा'. समितीतल्या एकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हा फड कसला?" तमाशाचा नाही, हे आधी सांगावं लागलं. मग एक खेप मंजूर झाली.